व्हेनिसला मास्क बॉलचं आमंत्रण आलंय. जाऊ का, आणि घालू काय?

मोगरा_म्युनिक
मंडळी, सल्ला हवाय, आणि लवकर हवाय.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या व्हेनिसच्या एका बाईंनी आम्हाला फेब्रुवारीतल्या कार्निव्हलमध्ये एका मास्क बॉलला बोलावलंय. मासिकांत फोटो येतात त्यातला नव्हे. त्यांच्या गोतावळ्यातली शंभर-सव्वाशे माणसं, कालव्याकाठचा एक जुना पलाझ्झो म्हणजे वाडा, जेवण आणि नाच. थीम आहे 'समुद्राखालचं राज्य'. पत्रिकेत स्वच्छ लिहिलंय की पूर्ण पोशाख आणि मुखवटा नसेल तर दारातूनच परत. सूट-टाय चालणार नाही.

आता माझी परिस्थिती. वय ४३. चष्म्याचा नंबर उणे पाच. फॅन्सी ड्रेसचा एकूण अनुभव: दुसरीत भाजीवाली, उत्तेजनार्थ बक्षीस. भाड्याच्या पोशाखाची चौकशी केली तर अठराव्या शतकातल्या पद्धतीचा घोळदार झगा एका रात्रीला साडेतीनशे युरो, मुखवटा वेगळा. तेवढ्यात आमचं दोघांचं जाणं-येणं आणि राहणं होतंय.

म्हणून डोक्यात आलं की आईची जुनी हिरवी नारायणपेठ नऊवारी नेसावी, नथ घालावी आणि वर खवल्यांचा मुखवटा लावावा. जलपरी नाही तर निदान जलदेवता. चालेल? की हसं होईल? मुळात जावं का?

टवाळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पहिला नंबर.

खडूस
साडेतीनशे युरो देऊन तोंड लपवायचं? आमच्याकडे उधारी झाली की लोक फुकटात लपवतात.
आणि मुखवटे काय, माणूस रोजच घालतो.

भटकभवानी
@खडूस, ते शेवटचं वाक्य कोणीतरी टाकणार हे माहीत होतं. दुसऱ्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं.

मोगरा, डोळे झाकून जा. (चष्मा काढलास की तसंही तेच होणार.) मी दोन वर्षं पादोव्हाला होते, तिथून व्हेनिस लोकलने अर्धा तास. कार्निव्हलमध्ये बॉलला कधी गेले नाही, पण नुसतं सान मार्कोच्या चौकात उभं राहिलं तरी दिवस जातो. तिथं १७२० सालापासून चालू असलेलं फ्लोरियान नावाचं कॅफे आहे. त्याच्या खिडकीत पोशाखातली माणसं बसलेली असतात आणि बाहेर फोटोवाल्यांची झुंबड. यातले बरेच व्हेनिसचे नसतातच. मी ज्यांच्याशी बोलले ते बहुतेक निवृत्त फ्रेंच आणि जर्मन. वर्षभर घरी बसून टाके घालतात आणि पंधरा दिवस मिरवतात. तुला कोण हसणार? तिथं सत्तरीचे आजोबा मोर होऊन फिरत असतात.

मुखवट्याबद्दल थोडं. रिआल्टो पुलाच्या आसपास टोपलीत पाच-दहा युरोला मिळतात ते प्लास्टिकचे, बाहेरून आलेले. खरा मुखवटा कार्तापेस्ताचा, म्हणजे कागदाचा. प्लास्टरच्या साच्यात ओल्या कागदाचे तुकडे खळीने एकावर एक चिकटवतात, वाळला की सोडवतात, डोळे कापतात, मग पांढऱ्या मुलाम्यावर रंग. ओळखायचं कसं? उलटा कर. आतून कागदाच्या घड्या दिसल्या पाहिजेत, आणि हातात घेतल्यावर वजन जाणवता कामा नये. मुखवटे करणाऱ्यांना तिथं 'मास्करेरी' म्हणतात. १४३६ साली त्यांच्या धंद्याची स्वतंत्र नियमावली झाली होती, म्हणजे शिंप्या-सोनारांसारखी त्यांची वेगळी जमात.

शिंपीणबाई
नाटकांचे कपडे शिवण्यात वीस वर्षं गेली, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

चष्मा आणि पूर्ण मुखवटा जमणार नाही. मुखवटा चष्म्यावर बसवलास तर श्वासाने काचा धुकट होतात, आत बसवलास तर कानशिलं दुखतात. लेन्स घाल, आणि महिनाभर आधीपासून सवय कर. काडीवर धरायचा अर्धा मुखवटा चित्रात छान दिसतो, पण हात अडकतो. एका हातात काडी, एका हातात ग्लास, मग पदर कोण सावरणार? रिबिनीऐवजी रुंद इलास्टिक लाव. आतल्या बाजूला कपाळाशी आणि गालाशी स्पंजची पट्टी चिकटव, म्हणजे घाम त्यात जिरतो आणि हवा खेळते.

आईची साडी कापायची नाही. ठळक केलंय, परत सांगणार नाही. खवले हवे असतील तर वेगळ्या ऑर्गंझाचे कापून कच्च्या टाक्यांनी लाव, आल्यावर उसवता येतात. आणि पॉलिएस्टरची जाळी, प्लास्टिकचं शेवाळ असलं काही लोंबतं ठेवू नकोस. पलाझ्झोत मेणबत्त्या असतात.

आजोबा५२
शिंपीणबाईंच्या मेणबत्तीच्या मुद्द्याला इतिहासाचा आधार देतो. २८ जानेवारी १३९३, पॅरिस. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स आणि त्याचे पाच सरदार रानटी माणसांचं सोंग घेऊन नाचायला उतरले. अंगावर डांबरात भिजवलेलं लिननचं कापड, त्याला तागाचे झुबके, जवळजवळ सगळे एकमेकांना साखळीने बांधलेले. राजाचा भाऊ कोण कोण आहे ते बघायला मशाल घेऊन जवळ आला. चार जण मेले. राजा वाचला, कारण बेरीच्या तरुण डचेसने आपल्या झग्याचा घोळ त्याच्यावर टाकला. सबब, घोळदार झग्याचे उपयोग आहेत.

दुसरी घटना स्टॉकहोमची. १६ मार्च १७९२ रोजी स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव ऑपेरातल्या मास्क बॉलला गेला. 'जाऊ नका' अशी निनावी चिठ्ठी त्याच संध्याकाळी आली होती. मुखवटा होता, पण छातीवर राजचिन्हाचा तारा चमकत होता. पाठीत गोळी बसली आणि तेरा दिवसांनी गेला. मुखवटा घालायचा तर पदक घरी ठेवावं.

टवाळ
आजोबा, तिला बॉलला जायचंय, स्मशानात नाही.

आजोबा५२
बरं, आनंदाचं सांगतो. ३ सप्टेंबर १९५१, व्हेनिसचाच पलाझ्झो लाबिया. कार्लोस दे बेस्तेगी नावाच्या धनिकाने तो वाडा विकत घेऊन डागडुजी केली आणि बॉल दिला. भिंतींवर टिएपोलो या चित्रकाराने रंगवलेले अँटनी-क्लिओपात्रा, आणि खाली तसेच पोशाख केलेले पाहुणे. चित्रकार दाली आणि फॅशनवाला ख्रिस्तियान दिओर यांनी एकमेकांसाठी पोशाख केले होते. त्या वाड्याच्या मूळ मालकांची आख्यायिका तर अशी की मेजवानीनंतर सोन्याची ताटं खिडकीतून कालव्यात फेकायचे, पाहुण्यांचे डोळे पांढरे व्हायचे, आणि पाण्याखाली आधीच जाळी लावलेली असायची.

खर्चाला घाबरणाऱ्यांसाठी: १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात लेखक ट्रुमन कपोटीने काळ्या-पांढऱ्या रंगांचा गाजलेला बॉल दिला. पाहुण्यांनी मुखवट्यांवर वारेमाप पैसे उडवले. यजमानाचा स्वतःचा मुखवटा खेळण्यांच्या दुकानातला, ३९ सेंटचा.

खडूस
हा कपोटी आपला माणूस.

वरदा_ह्यूस्टन
मी जरा वेगळं मत मांडते. नऊवारी हा कुणाचा तरी पोशाख आहे, सोंग नाही. इकडे एका हॅलोविनला ऑफिसातली एक बाई टिकली लावून साडी गुंडाळून 'इंडियन प्रिन्सेस' म्हणून आली होती. मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही. आता आपणच आपली साडी 'समुद्राखालच्या राज्यात' नेली तर उद्या कुणाला बोलायचं तोंड राहत नाही. आणि व्यवहार बघ: रात्रभर प्रत्येकाला 'हे काय आहे, नाकातलं काय आहे' हे समजावत बसशील. बॉल राहील बाजूला, भारतीय दूतावासाचं काम करून येशील.

मोगरा_म्युनिक
वरदा, मुद्दा लागला. पण ती बाई टिकली लावून दुसरं कुणी झाली होती. मी साडी नेसून मीच राहणार ना?

वरदा_ह्यूस्टन
तेच म्हणतेय. बॉलला मीच राहायचं असेल तर जायचं कशाला?

टवाळ
ओहो. हे जबरी होतं. पॉपकॉर्न संपले, कांदाभजी मागवली आहेत.

नथवाली
नथ घालच. जगात कुठेही घाल. माझा आयडी बघून कळलंच असेल.

वरदा_ह्यूस्टन
नथीला विरोध नाही. नथ 'प्रॉप' होण्याला आहे.

(इथून पुढचे काही प्रतिसाद नथ मोत्याची की ब्राह्मणी की बानू, चापाची चालते का, आणि क्लिपची नथ ही नथ आहे का यावर आहेत. नवीन येणाऱ्यांनी खाली उड्या माराव्यात. – भटकभवानी)

दशावतारी
समुद्राखालचं राज्य म्हणताय आणि संकासुर कुणाला आठवला नाही? वेद चोरून समुद्रात लपला तो, त्याच्यासाठीच विष्णूला मासा व्हावं लागलं. आमच्या सिंधुदुर्गात दशावताराचा खेळ मूळ आख्यानाआधी त्याच्याशिवाय सुरू होत नाही. काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा, आणि एकदा बुरखा चढला की तो कुणालाही काहीही बोलतो, मालवणीत. गावचा सरपंच समोर बसलेला असला तरी सुट्टी नाही. सकाळी तोच माणूस सरपंचाकडे मजुरीला जातो आणि कुणी मनात ठेवत नाही. नवऱ्याला संकासुर करा. शिवणकाम जवळजवळ शून्य.

वरदाताईंसाठी: ह्याला सोंगच म्हणतात, आणि ते आपलंच आहे.

पणजीकार
मास्क बॉलसाठी व्हेनिसपर्यंत कशाला धावायचं? आमच्याकडे कार्निव्हलच्या शेवटच्या रात्री पणजीत क्लुब नासियोनालचा 'रेड अँड ब्लॅक' असतो. लाल-काळं सोडून दुसरा रंग घातलात तर वेगळे दिसता. शनिवारी किंग मोमो येऊन 'खा, प्या, मजा करा' असं फर्मान काढतो, ते तुम्ही टीव्हीवर बघता. पण खरी गंमत जुन्या घरांतल्या 'असाल्तो'ची होती. म्हणजे धाड. माझी आजी सांगायची, रात्री दार वाजायचं आणि वीस-पंचवीस मुखवटे व्हायोलिन-गिटारसकट घरात. यजमानाने ओळखायचा प्रयत्न करायचा, नाचायचं, खायला घालायचं. आजी म्हणे लोकांना हातावरून ओळखायची. मुखवटा सगळे घालतात, हातमोजे विसरतात. मोगराबाई, एवढं लक्षात ठेवा.

बंड्या_एलए
थीमवाल्या बॉलचा अनुभव असलेला इथे मी एकटाच दिसतोय, म्हणून लिहितो. आमच्या लॉस एंजलिसला लॅबिरिंथ मास्करेड बॉल असतो, १९९७ पासून. परी, पिशाच, गॉब्लिन, लांब कानांची राजघराणी. मुखवटा किंवा पोशाख नसेल तर तिथंही प्रवेश नाही. मी गेलो ते पंख लावून. तारेचा सांगाडा, वर सेलोफेन, टोकापासून टोकापर्यंत सहा फूट. गॅरेजमध्ये तीन शनिवार-रविवार घातले. बायको म्हणाली, मोजून घे. मी म्हटलं, घेतलंय.

गाडीत मावले नाहीत. मित्राच्या पिकअपमध्ये मागे उभा राहून गेलो असतो तर पोलिसांनी धरलं असतं, म्हणून आडवा झोपून गेलो. हॉटेलच्या लिफ्टमध्ये तिरका शिरलो ते बाहेर येताना अडकलो, आणि लिफ्टचं दार माझ्या उजव्या पंखावर चार वेळा बंद झालं. शेवटी एका मिनोटॉरने, म्हणजे बैलाच्या तोंडाच्या राक्षसाने, मला ओढून काढलं. पुढचे पाच तास बसता आलं नाही. पंख असलेला माणूस खुर्चीत बसू शकत नाही हे कुठल्याच परीकथेत लिहिलेलं नाही.

पण सांगतो, पुढच्या वर्षी परत गेलो. पंखांशिवाय, नुसते कान चिकटवून. स्पिरिट गमने, आपल्या नाटकात मिशा लावतात तसे. एरवी कोणीही अनोळखी माणूस माझ्याशी तीन मिनिटांवर बोलत नाही, तिथं 'हे पंख कशाचे' यावर अर्धा-अर्धा तास बोलले होते.

कॉफीहाऊस_व्हिएन्ना
आमच्याकडे रोझेनमोंटागला, म्हणजे ख्रिस्ती लोकांचे उपास सुरू होतात त्या बुधवारच्या आधीच्या सोमवारी, होफबुर्ग राजवाड्यात रुडोल्फिना रेडूट नावाचा मास्क बॉल असतो. गंमत अशी की मुखवटा फक्त बायकांना. मध्यरात्रीपर्यंत नाचायला बायकाच विचारणार, पुरुषांनी विचारायचं नाही आणि बाईने विचारलं तर नाही म्हणायचं नाही. बारा वाजता मुखवटे उतरतात.

मी माझ्या पीएचडीच्या गाईडना विचारलं. ते नाचले. मी एक शब्द बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर माझं जर्मन ऐकून लगेच ओळखलं असतं. मुखवट्यातला खरा शत्रू आवाज आहे. बारा वाजायच्या पाच मिनिटं आधी मी कोट घेऊन घरी. अजून त्यांना माहीत नाही. त्या वर्षी थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा त्यांनी तिसऱ्यांदा परत पाठवला होता, हेही नोंदवून ठेवते.

भटकभवानी
कॉफीहाऊस, लोटपोट.

आवाजावरून आठवलं. व्हेनिसचा जो पांढरा चौकोनी हनुवटीचा मुखवटा असतो, बाऊता, त्याचा खालचा भाग मुद्दाम पुढे काढलेला असतो. खाता-पिता येतं आणि आवाजही बदलतो. वर तीन टोकांची टोपी आणि काळा झगा. पुरुष-बाई, मालक-नोकर काही कळायचं नाही. सगळ्यांना एकच हाक, 'सिओर मास्केरा', म्हणजे अहो मुखवटे. १६३८ साली उघडलेल्या सरकारी जुगारघरात खेळायला बसायचं तर मुखवटा सक्तीचा होता. १७७४ ला ते बंद केलं, तोवर किती घराणी बुडली असतील ते तूच समज.

आणि दुसरा म्हणजे बायकांचा मोरेत्ता. काळ्या मखमलीचा, गोल, दोन डोळे फक्त. ना तोंड, ना रिबीन. आतून एक बटण असतं, ते दातांत धरायचं. म्हणजे घातला की मुकी. लोंगी नावाच्या चित्रकाराचं १७५१ च्या कार्निव्हलचं एक चित्र व्हेनिसच्या का' रेझ्झोनिको संग्रहालयात आहे. गवत खाणारा एक गेंडा आणि त्याला बघायला आलेले मुखवटे, त्यात एक बाई मोरेत्ता घालून. तो गेंडा आपल्याकडचा बरं का! क्लारा नाव तिचं, एका डच कप्तानाने हिंदुस्थानातून नेली होती आणि युरोपभर दाखवत फिरला. त्या अख्ख्या चित्रात सगळ्यात प्रामाणिक चेहरा तिचाच.

खडूस
बायकोचं तोंड बंद करणारा मुखवटा? कुठे मिळतो, किती डझन घेतले तर सूट आहे?

नथवाली
@खडूस, दिवा घेतला नाही. (म्हणजे हे हलक्यात घेतलेलं नाही.)

मोगरा_म्युनिक
धागा वर काढतेय. जाऊन आले! उशीर झाला, सर्दीने आडवी होते. फेब्रुवारीतलं व्हेनिस हाडात शिरतं.

आधी मुखवटा. तिथं पोचल्यावर एका छोट्या कारखान्यात गेलो. म्हातारे कारागीर, सगळीकडे खळीचा वास. खवल्यांचे मुखवटे बघता बघता कोपऱ्यात मोरेत्ता दिसला. भटकभवानीचा प्रतिसाद आठवला, हातात घेतला, बटण दातांत धरून आरशात बघितलं. चेहऱ्याच्या जागी नुसतं काळं भोक. नवरा मागे काहीतरी विचारत होता, मला उत्तर देता येईना, आणि मला ते अतिशय आवडलं. तोच घेतला. खोल समुद्रात तसाही उजेड नसतो.

साडी: नऊवारीच नेसले, न कापता. शिंपीणबाई, खवले कच्च्या टाक्यांचे, उसवून झालेत. वरदा, तुझ्या मुद्द्यावर रात्री झोप लागली नव्हती. पण गंमत ऐक. नावेतून उतरताना घोळदार झग्यांच्या बायकांना दोन-दोन माणसं धरून उतरवत होती, आणि काष्टा घातलेली मी टुणकन पायरीवर. त्या पाण्यातल्या पायऱ्यांवर हिरवा बुळबुळीत थर असतो, तो काठाला लागला. माझं शेवाळ अख्ख्या बॉलमधलं एकमेव अस्सल.

लेन्स: सवय केली होती, तरी पुलावरच्या वाऱ्यात डाव्या डोळ्यातली गेली ती कालव्यातच. दुसरी नव्हती. म्हणजे रात्रभर उजव्या डोळ्याला पलाझ्झो दिसत होता आणि डाव्याला समुद्र. झुंबरातल्या मेणबत्त्या डाव्या डोळ्याने अगदी जेलीफिशसारख्या, पसरट, कडेने थरथरणाऱ्या. मी किती वेळ उजवा डोळा मिटून नुसती वर बघत उभी होते.

नवऱ्याने बाऊता आणि काळा झगा भाड्याने घेतला. दशावतारी, त्याने छातीवर शंख टाचून स्वतःला संकासुर जाहीर केलं. रांजणात तोंड घालून बोलावं तसा आवाज येत होता. एका जलपरीला त्याने इंग्रजीतून काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

नाच आधी शिकवला. समोरासमोर दोन रांगा, पुढे या, मागे जा, हात द्या, जागा बदला. माझा जोडीदार लाल मखमलीतला लॉबस्टर, सत्तरीचा असावा. त्याने जर्मनमध्ये मला विचारलं, हे वस्त्र काय आहे? मी बोलू शकत नव्हते. मान हलवली. तो म्हणाला, हं, समजलं. काय समजलं देव जाणे. मग तीन नाच होईपर्यंत त्याने मला स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची गोष्ट सांगितली, पहिल्या एक्स-रेपासून. वरदा, एकालाही काही समजावावं लागलं नाही! दूतावास बंद होता.

जेवताना मोरेत्ता काढावाच लागतो. जबडा दुखत होता, बटणाला दातांच्या खुणा पडल्या होत्या. गप्पा झाल्या, लोक छान होते, फ्रिटेले नावाचे बेदाण्याचे गुलगुले आणि चिरोट्याच्या मावसभावासारखे गालानी हादडले. पण खरं सांगू? कधी एकदा उठून परत मुखवटा लावते असं झालं होतं.

वरदा_ह्यूस्टन
आवडलं. मुकी राहून सुटलीस, ही पळवाट आहे, पण छान पळवाट आहे. लॉबस्टरला माझ्याकडून गुडघ्यासाठी शुभेच्छा.

पणजीकार
हातमोजे?

मोगरा_म्युनिक
विसरले! नवऱ्याने म्हणे गर्दीत मला बांगड्यांवरून शोधून काढलं. आजींना नमस्कार सांगा.

बंड्या_एलए
फोटो कुठेत?

मोगरा_म्युनिक
एकच आहे. काळं भोक आणि हिरवी साडी. आईला पाठवला तर विचारते, 'ही कोण बाई माझी साडी नेसून?'

नथवाली
सगळं ठीक. नथीचं काय झालं? फोटोत दिसली का?

मोगरा_म्युनिक
मोरेत्ता नाकावर सपाट बसतो गं. नथ घातली तर बटण दातांपर्यंत पोचेना. काढून पर्समध्ये ठेवली आणि पर्स क्लोकरूमला दिली.

खडूस
म्हणजे ज्या नथीवर इथे ४७ प्रतिसाद पडले, ती रात्रभर कोट सांभाळत होती?

मोगरा_म्युनिक
सव्वीस नंबरच्या खुंटीवर.